लाल बटणापलीकडे कोणी नव्हतं

ज्यांच्यावर अन्याय झाला त्या आमच्या लॅबच्या ऑफिस असिस्टंट. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. पहिल्यांदा झाला तो मागच्या वर्षी, गणपतीच्या आदल्या मंगळवारी, सकाळचा चहा वर यायच्या आधी. दुसऱ्यांदा झाला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात, महिन्याच्या पहिल्याच दिवशी, लॅबच्या दारात.

पत्रकं लिहून लिहून माझा हात असाच वळलाय. नागपुरात कॉलेजला होते तेव्हा आमच्या संघटनेतली ताई बजावायची, कुणावर आणि कधी ते पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे, पुढचं लोक वाचतील न वाचतील. हे मात्र शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे. नावं कुणाचीच देणार नाही. तशी अट अक्कांनीच घातली होती.

आमची लॅब बेंगळुरूतल्या एका विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर. नेटवर्क सुरक्षेवर संशोधन करणारी. यंत्रांसाठी आत एवढी थंडी की भर एप्रिलात आम्ही स्वेटर घालून बसायचो आणि मधूनमधून गॅलरीत जाऊन ऊन खायचो. माझं काम फसव्या सर्व्हरचं होतं. मुद्दाम कच्चं ठेवलेलं यंत्र इंटरनेटवर उघडं टाकायचं आणि त्यात कोण घुसतं, घुसून काय चाळतं ते बघत बसायचं. चोराला फसवण्याबद्दल मला तेव्हाही काही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

लॅबची एक रीत होती. स्क्रीनला कुलूप न लावता कोणी चहाला गेलं की परत येईपर्यंत त्याच्या खुर्चीला प्लॅस्टिकचा एक निळा मासा लटकलेला असायचा. म्हणजे हा गळाला लागला. दिवसभर तो काढायचा नाही. एकदा सरांच्याच खुर्चीला लागला होता. आमचे प्राध्यापक तेव्हा मनापासून हसले होते. लावला होता अक्कांनी.

अक्कांचं टेबल आतल्या आणि बाहेरच्या दाराच्या मधे. खरेदीची बिलं, किल्ल्या, पाहुण्यांचे पास, आमच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्या टेबलावरून जायचं. घर शहरातच, बनशंकरीला. पूर्वज कधी काळी इकडे आले ते इथलेच झाले. त्यामुळे त्यांचं मराठी माझ्या कानाला नवं आणि माझं त्यांच्या.

"काय करून राहिल्या अक्का?"

"अय्यो, 'करून राहिल्या' म्हणजे काय गं? हे मराठी की हिंदी?"

"अन् तुमचं? मघा म्हणाल्या, 'सुम्ने बस, स्वल्प काम आहे.' पाच शब्दांत दोन कन्नड. सरळ 'गप्प बस, थोडं काम आहे' म्हणा की."

"आमचे लोक इथं आले तेव्हा तुझ्या नागपुरात काय होतं?"

"संत्री."

"तीच खाऊन तोंड असं झालंय. बस. डबा उघड."

मला त्या पुट्टी म्हणायच्या, इकडे लहान पोरींना म्हणतात तसं. जे. पी. नगरच्या माझ्या पीजीत आठवडाभर तीच पातळ डाळ असायची, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या डब्यात एक चपाती नेहमी जास्तीची निघायची आणि ती चुकून आलीय असं त्या दर वेळी दाखवायच्या.

आता त्यांना काय हवं होतं ते सांगते, कारण सगळं त्यावरच घडलं. आमच्या विद्यापीठात ओळखपत्र गळ्यात घालायच्या दोरीला रंग आहेत. विद्यार्थ्यांची हिरवी. कायम नोकरदारांची निळी. कंत्राटींची पिवळी. अक्का लॅब एका खोलीत होती तेव्हापासून तिथे होत्या, आणि त्यांची दोरी पिवळीच होती. पिवळ्या दोरीला स्टाफची बस नाही. पिवळ्या दोरीच्या नवऱ्याला विद्यापीठाचा दवाखाना नाही. अक्कांच्या यजमानांच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती, ड्रेसिंगला दर वेळी बाहेर जावं लागायचं. आमचा दवाखाना लॅबच्या गॅलरीतून दिसायचा. अक्का कधी कधी तिथे उभ्या राहून म्हणायच्या, "परमनंट झाले की यांना इथंच आणायचं. माझा चहा होईपर्यंत ड्रेसिंग होतंय बघ."

हे त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. चहाच्या वेळी. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

ऐकणाऱ्यांत एक पुण्याचा पोरगा होता, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. हुशार, मदतीला तयार, वाईट म्हणावा असा अजिबात नाही. त्याचा विषय फसवे मेल. विद्यापीठातले कर्मचारी खोट्या मेलला किती फसतात आणि शिकवल्यावर किती सुधारतात, हे त्याला मोजायचं होतं. परवानगी रीतसर काढलेली. कर्मचाऱ्यांना मात्र सांगायचं नाही, कारण सांगितलं तर ते सावध होतात आणि मोजमाप बिघडतं. आम्हा बाकीच्यांनाही तपशील माहीत नव्हता. पहिले मेल त्याने नेहमीचेच पाठवले: पार्सल अडकलंय, मेलबॉक्स भरलाय. फारसं कोणी फसलं नाही. मोजायलाच काही मिळेना. मग त्याने जास्त चांगलं आमिष शोधलं.

त्या मंगळवारी मी आले तेव्हा अक्का टेबलाशी नव्हत्या. थोड्या वेळाने गेटजवळच्या दुकानातला दूधपेढ्यांचा मोठा खोका घेऊन जिना चढून आल्या. धाप लागलेली, साडीचा काठ पावसाने ओला.

"लिफ्ट बंद आहे का अक्का?"

"लिफ्टला कुठं थांबू? तोंड उघड आधी." पेढा तोंडात कोंबला आणि मग म्हणाल्या, "झाले गं पुट्टी. परमनंट. मेल आला. यादीत नाव आहे."

मी त्यांना उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. त्यांचा यजमानांना फोन करून झाला होता. मेलमधल्या लिंकवर जाऊन कर्मचारी क्रमांक भरून झाला होता, 'स्वीकृती नोंदवली' असंही आलं होतं. त्या प्रत्येक टेबलाशी गेल्या. पुण्याच्या पोराने पेढा घेतला, "अभिनंदन" म्हणाला नाही. पेढा कीबोर्डशेजारी ठेवला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. मला वाटलं, याचा कोड चालत नसेल.

अक्का दुसऱ्या मजल्यावर गेल्या, पहिल्यावर गेल्या, खाली वॉचमनना देऊन आल्या. मग लायब्ररीत गेल्या. परत येऊन खुर्चीत बसल्या तेव्हा दुसरा मेल आलेला होता. त्यात गळाला लागलेल्या माणसाचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, हा सरावाचा भाग होता, आपण फसलात, काळजी नको, आपल्याला प्रशिक्षण दिलं जाईल.

त्यांनी तो दोनदा वाचला. मी मागे उभी होते, मीही वाचला. अक्का रडल्या नाहीत. खोका उघडून त्यांनी आत पाहिलं. निम्मे पेढे उरले होते.

"हे घरी कसे नेऊ?" त्या म्हणाल्या. आणि उठून, ज्यांना द्यायचे राहिले होते त्यांना वाटायला निघाल्या. "घ्या. गणपतीचे समजा. घ्या."

त्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये न विचारता शिरले. पुण्याचा पोरगा आधीच आत होता.

"इजा कुणाला झाली ते सांग," सर म्हणाले. रागाने नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून. "पासवर्ड चोरीला गेला? पैसे गेले?"

"सर, त्यांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले."

"मला वाईट वाटतंय. पण खरा हल्लेखोर हेच आमिष लावणार नाही का?"

"लावेल," मी म्हणाले. "पण खरा हल्लेखोर रोज त्यांच्याबरोबर चहा पीत नाही. त्यांच्या नवऱ्याच्या पायाचं त्याला माहीत नसतं. याला माहीत होतं. त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि त्यांच्यासाठीच गळाला लावलं."

"अगं, एकट्या अक्कांना नव्हता पाठवला," पोरगा म्हणाला. "सगळ्या कंत्राटी लोकांना होता."

"म्हणजे चांगलं झालं?"

त्याचे डोळे लाल होते, हेही सांगायला हवं. पण मेल परत घेता येत नव्हता, आणि प्रयोग थांबवायचं कोणी बोललं नाही.

बाहेर आले तर अक्कांच्या खुर्चीला निळा मासा. कुणी लावला ते मला आजही माहीत नाही. स्क्रीन उघडा दिसला म्हणून सवयीने लावला असेल, पेढ्यांचं प्रकरण न कळलेल्या कुणीतरी. अक्कांनी तो दिवसभर काढला नाही. रीत म्हणजे रीत. संध्याकाळी निघताना सोडवला आणि जागेवर ठेवून गेल्या.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं, इंग्रजीत आणि मैत्रिणीकडून करून घेतलेल्या कन्नडमध्ये. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरला एका छोट्या छापखान्यात छापून घेतलं. आधी अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"माझं नाव काढ."

"अक्का, नावाशिवाय लोकांना कसं कळेल?"

"कळू दे की काय झालं ते. कुणाला झालं ते नको. लायब्ररीतली बाई अजून विचारतेय, ऑर्डर आली का. तिला अजून सांगितलं नाही मी. आणि कुणाचंच घालू नको. त्या पोराला पण आई आहे."

नाव काढून पुन्हा छापलं आणि नोटीस बोर्डांवर लावलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुरक्षारक्षकांनी काढून टाकलं. ज्याने काढलं त्याची दोरी पिवळी होती. त्याने घडी घालून खिशात ठेवलं.

मग प्रशिक्षण. फसलेल्या सगळ्यांना आमच्या लॅबनेच एका हॉलमध्ये बसवून शिकवलं: पाठवणाऱ्याचा पत्ता अनोळखी असेल, घाई करत असेल, लिंक असेल, माहिती मागत असेल, तर उघडू नका. मेलच्या वर एक लाल बटण बसवलंय, ते दाबा. मेल तुमच्याकडून निघून आमच्याकडे येईल. बाकी आम्ही बघू.

'बाकी आम्ही बघू' हे चार शब्द... मोजू नका, तीनच आहेत. ते लक्षात ठेवा.

कारण बघत कोणी नव्हतं. बटण दाबलं की आपोआप उत्तर यायचं, "धन्यवाद, आपण सतर्क आहात." आणि तो मेल एका पेटीत जाऊन पडायचा. पेटी प्रयोग संपल्यावर उघडायची होती. मधे कुणालाही उत्तर द्यायचं नाही असा नियमच होता, कारण कुठला मेल आमचा आणि कुठला खरा हे सांगितलं तर लोक शिकतात आणि आकडे दूषित होतात. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. मीही असंच शिकलेय.

अक्का बटण दाबायला लागल्या. त्यांच्यासारखी विद्यार्थिनी त्या हॉलमध्ये दुसरी नव्हती. कागद पुरवणाऱ्याची जाहिरात आली, दाबलं. कुठल्याशा परिषदेचं आमंत्रण आलं, दाबलं. एकदा सरांनी फोनवरून स्वतःच्या खाजगी ईमेलवरून मेल केला तर तोही दाबला. सगळी लॅब हसली. मीटिंगमध्ये सर म्हणाले, "आपल्यात सगळ्यात सुरक्षित माणूस आता अक्का आहेत." टाळ्या वाजल्या. अक्कांनीही थोडं हसून घेतलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं म्हणून मी पण वाजवल्या.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाने कंत्राटी लोक एका बाहेरच्या एजन्सीकडे सोपवले. तसं होणार अशी कुजबुज होती, पण कधी आणि कसं ते कुणाला नीट सांगितलं नव्हतं. एजन्सीने प्रत्येकाला मेल पाठवला. अनोळखी पत्ता. वर लाल अक्षरांत 'तातडीचे'. ठरावीक मुदतीत खालच्या लिंकवर जाऊन ओळखपत्राचा क्रमांक आणि बँकेचे तपशील भरा, अन्यथा कंत्राट संपुष्टात येईल.

तो मेल मी नंतर पाहिला. फसवा मेल कसा ओळखायचा हे शिकवायला याहून चांगला नमुना मी स्वतःही बनवू शकले नसते. पण तो खरा होता.

अक्कांनी बटण दाबलं. आठवणीचा दुसरा मेल आला, त्यावरही दाबलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, "धन्यवाद, आपण सतर्क आहात." तुम्ही म्हणाल, कुणाला विचारायचं की नाही? मी पण विचारलं तसं, नंतर. त्या म्हणाल्या, "विचारलंच की. बटण म्हणजे विचारणंच ना? काही असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. तुम्हीच म्हणालात, बाकी आम्ही बघू."

महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी बाहेरच्या दारावर टकटक झाली. आमच्या दारावर कुणी टकटक करत नाही, कार्ड लावलं की उघडतं. मी उघडलं. अक्का उभ्या होत्या, हातात डबा.

"लाल लागतोय गं," त्या म्हणाल्या. "कार्डाचं काहीतरी झालंय. आत जाऊन बघ बरं."

मी त्यांना आत घेतलं, त्यांच्या खुर्चीत बसवलं, आणि त्यांच्यासमोरच फोन लावले. सरांनीही लावले, दिवसभर लावले, हे मान्य करते. एजन्सीचं एकच उत्तर, मुदत संपली, सिस्टिम बंद झाली, आता नव्याने अर्ज करावा लागेल. नव्या अर्जाला वयाची अट होती, अक्का तिच्या पलीकडे गेल्या होत्या. विद्यापीठ म्हणालं, त्या आमच्या कर्मचारीच नाहीत. एजन्सी म्हणाली, त्या आमच्या झाल्याच नाहीत. अक्का सगळं ऐकत होत्या. संध्याकाळी त्यांनी गळ्यातली पिवळी दोरी काढली, तिच्यात कार्ड गुंडाळलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

"निळी मागत होते," म्हणाल्या. "पिवळी पण गेली. सरी. एन माडोदु." बरं, काय करायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मला या कागदावर आणता येत नाही.

पुण्याच्या पोराचा पेपर पूर्ण झाला. प्रशिक्षणानंतर कर्मचाऱ्यांचं वागणं कसं सुधारलं, हे त्यात आहे. अक्का त्यात दोनदा आहेत: आधी फसलेल्यांत, मग सुधारलेल्यांत. मी त्याला विचारलं, ते एजन्सीचे दोन मेल कुठे आहेत?

"ते आपण पाठवलेले नव्हते," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणून ते डेटात येत नाहीत."

"आणि अक्का?"

"अगं, मी काय करू सांग ना. मी सरांना म्हणालो होतो पेटी रोज बघूया म्हणून. नियम नियम म्हणत राहिलो सगळे."

सहभागी व्यक्तींना कोणतीही हानी झाली नाही, असं एक वाक्य पेपरात असावं लागतं. आहे. ते मी वाचलं आणि लॅब सोडली. माझ्या सोडण्याने कुणाचं काही अडलं नाही. आता दुसरीकडे काम करते.

मध्यंतरी बनशंकरीला गेले होते. यजमानांचा पाय पांढऱ्या पट्टीत स्टुलावर. अक्कांनी चपात्या केल्या, या वेळी जास्तीची चुकून झाली असं दाखवलं नाही, सरळ वाढली.

"काय करून राहिलीस तिकडे?" त्यांनी मला विचारलं, माझीच नक्कल करत.

"सुम्ने बसलेय," मी म्हणाले. दोघी हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही.

मग त्यांनी फोन पुढे केला. "हे बघ. हे खरं का गं?" गॅसच्या सिलिंडरचा मेसेज होता. खरा होता. "आणि हे?" दवाखान्याच्या वेळेचा. खरा होता. "आणि हे बघ." भाचीने पाठवलेली बारशाच्या आमंत्रणाची लिंक होती, कधीची. ती उघडलेलीच नव्हती. बारसं होऊन गेलं होतं.

"ती रागावलीय माझ्यावर," अक्का म्हणाल्या. "काय सांगू तिला? बोट पुढंच जात नाही. कुणाचं काही चांगलं आलं की आधी वाटतं, हा सराव असणार."

यजमान खिडकीबाहेर बघत होते. मी एकेक मेसेज उघडून त्यांना वाचून दाखवत बसले. बहुतेक सगळे खरे होते.

आता तुमचं काम. तुमच्या ऑफिसात, बँकेत, कॉलेजात असं लाल बटण असेल. उद्या कामावर गेलात की ते दाबा, आणि पलीकडून माणूस बोलतो का बघा. यंत्राचं 'धन्यवाद' चालणार नाही. माणूस हवा, आणि त्याने त्याच दिवशी सांगायला हवं, हा मेल खरा आहे की खोटा. नसेल सांगत, तर ज्याने ते बटण बसवलं त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहा आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. आणि असे सरावाचे मेल लिहिणारे तुम्ही स्वतःच असाल, तर पाठवण्याआधी तो मेल घेऊन तुमच्याकडच्या पिवळ्या दोरीच्या माणसासमोर जा. त्याच्या तोंडाकडे बघत मोठ्याने वाचा. वाचता आला नाही, तर पुसून टाका.